चहा झाला का? : स्मरणिकेच्या कामाच्या नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

आजपासून लिहून ठेवतेय, कारण कोणाकडून काय आलं आणि कोणाचं काय परत द्यायचंय याचा आत्ताच घोळ व्हायला लागलाय. काम थोडक्यात असं. माझी मैत्रीण ऑगस्टमध्ये गेली, 27 वर्षांची, रात्री जेवून झोपली ती सकाळी उठलीच नाही, हृदय बंद पडलं एवढंच कळलं. तिच्या आठवणींची छोटी स्मरणिका छापायची आणि तिच्या आवाजाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घरच्यांना द्यायच्या. मुदत ईस्टर, म्हणजे 20 एप्रिल. त्यांच्या चर्चची माणसं ईस्टरला पहाटे अंधारातच कबरस्थानात जमतात, कबरी झाडून फुलं लावतात आणि उपासनाही तिथेच होते, तेव्हा प्रत्येक घराला एक कॉपी द्यायची असं काकांच्या (तिच्या वडिलांच्या) मनात आहे.

माझा संबंध असा की डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) आम्ही एका बाकावर होतो आणि नंतर सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी कॅम्पांना बऱ्याचदा एकत्र गेलो. मी शहाद्याकडची, हिंदू, चर्चमधलं मला फारसं कळत नाही, ते भाऊ बघेल (तिचा धाकटा, पण सगळे त्याला भाऊच म्हणतात) आणि पास्टरसाहेब. नावं इथे कोणाचीच लिहीत नाही, स्मरणिकेत येतील तेवढी पुरे.

7 जानेवारी, मंगळवार

फोनचं काम. भावाने एक गोष्ट फार शहाण्यासारखी केलीय, तिचं सिम चालू ठेवलंय. काकू आधी चिडल्या होत्या, गेलेल्या माणसाच्या फोनला कशाला पैसे घालतो म्हणून, पण नंबर बंद पडला की 90 दिवसांनंतर तो कंपनी दुसऱ्या कोणालाही देऊ शकते, आणि व्हॉट्सॲप 120 दिवस वापरलंच नाही तर अकाउंट उडतं. गुगलवाले दोन वर्षं थांबतात. तिचे सगळे फोटो तिकडेच आहेत म्हणून तिथेही अधूनमधून लॉगिन करायचं ठरलं, तारखेचा अलार्म भावाच्या फोनमध्ये लावून दिला.

व्हॉइस नोट्स काढल्या. नशीब असं की व्हॉट्सॲप फाइलच्या नावातच तारीख घालतं, पीटीटी, मग वर्ष महिना दिवस, मग नंबर, त्यामुळे लावायला सोपं गेलं. फाइल ओपस फॉरमॅटची असते, ती काकांच्या छोट्या स्पीकरवर वाजत नाही, म्हणून सगळ्या एमपी3 करायच्या, पण मूळ फाइलला हात लावायचा नाही, ती वेगळ्या फोल्डरमध्ये. एक कॉपी माझ्या हार्डडिस्कवर, एक भावाकडे नवापूरला. दोन्ही एकाच घरात ठेवायच्या नाहीत हे त्याला दोनदा सांगितलं.

11 जानेवारी, शनिवार

आठवणींचे कागद आले, संडे स्कूल, महिला मंडळ, शाळेतले सर, नातेवाईक सगळ्यांचे. एका बैठकीत वाचले आणि डोकंच उठलं. गुणी, मनमिळाऊ, प्रार्थनाशील, सदैव हसतमुख. प्रत्येक कागदावर तेच. असं वाटलं की सगळ्यांनी मिळून दुसऱ्याच कुठल्या तरी मुलीबद्दल लिहिलंय. ही बाई सुट्ट्या दोन रुपयांसाठी एसटीच्या कंडक्टरशी नवापूरपासून विसरवाडीपर्यंत भांडायची, माझे पेन घेऊन कधी परत केले नाहीत, अंताक्षरीत स्वतः बनवलेली गाणी म्हणायची आणि वर शपथ घ्यायची की हे पिक्चरमधलंच आहे. आमची माय म्हणते तेच खरं, पोर लाखमां एक व्हती, पन तोंडनी तिखी.

माणूस गेलं की आपण लगेच त्याला धुऊन पुसून फोटोत बसवतो. मला ते नकोय. भावाला म्हटलं हे सगळे कागद जपून ठेवू, कोणालाही वाईट वाटू द्यायचं नाही, पण छापायला यातलं चार ओळींच्या वर काही नाही. लोकांना 'दोन शब्द लिहा' म्हटलं की लोकं दोनच शब्द लिहितात. आता प्रश्न बदलायचा. नवीन मेसेज केला: ती तुमच्याशी कशावरून भांडली होती?

काकूंना तो मेसेज अजून दाखवलेला नाही.

19 जानेवारी, रविवार

धबधबा. दोन दिवस फोन खाली ठेवता आला नाही. किराणावाल्याने सांगितलं की बिस्किटाच्या पुड्याची तारीख उलटून गेली होती तर हिने दुकानातला अख्खा बॉक्स काढून एकेक पुडा तपासला. मामेबहिणीचं लग्न दोन महिने लांबवायला लावलं कारण मुलाची सिकलसेलची तपासणी झाली नव्हती, तेव्हा मामाने घरी येऊ नको म्हणून सांगितलं होतं, आणि आता तोच मामा व्हॉइस नोटमध्ये रडत हे सांगतोय आणि मध्येच हसतोय. मैत्रिणींनी लिहिलेलं तर काही छापता येणार नाही असं आहे.

सगळ्यात भारी पास्टरसाहेब. मला वाटलं हे नाराज होतील, तर ते म्हणाले, लिहा, माझ्याशी दर रविवारी भांडायची. प्रवचन लांबलं की दुसऱ्या बाकावरून मनगट वर करून घड्याळ दाखवायची, आणि तिच्या हातात घड्याळ नसायचंच. हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, सहीसकट. पान 9 वर घेतलं.

त्यांना मिशनच्या इतिहासाचं एक पान हवं होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खान्देशात कशी आली, चिंचपाड्याचं ख्रिस्ती हॉस्पिटल 1942 मध्ये कसं सुरू झालं वगैरे. माहिती चांगली आहे पण हे पुस्तक तिचं आहे. तिचा जन्म चिंचपाड्याच्याच दवाखान्यातला, तेवढ्या धाग्याने पाव पान ठेवलं. ते कबूल झाले, चेहरा थोडा पडला.

26 जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून थेट त्यांच्या घरी. तिची कॅम्पची बॅग काकूंनी पहिल्यांदाच उघडू दिली. ग्लोव्हजचा अर्धा बॉक्स, कापूस, चिक्कीचा चुरा, आणि ते कार्ड.

कार्डाबद्दल नीट लिहायला पाहिजे, कारण कॅप्शनला हेच वापरायचंय. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये बोटातलं थोडंसं रक्त रसायनाच्या ट्यूबमध्ये टाकतात, थोडा वेळ थांबतात आणि ट्यूबच्या मागे काळ्या रेघांचं कार्ड धरतात. पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि रेघा दिसत नाहीत. गढूळ म्हणजे सिकल आहे एवढंच कळतं, वाहक (आजार नाही, पण तो पोरांकडे जाऊ शकतो) आहे की रुग्ण ते त्यावरून समजत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी या लॅबमधल्या तपासण्या कराव्या लागतात.

तर मॅडमनी काय केलं होतं, रेघांच्या खऱ्या कार्डाशिवाय एक स्वतःचं कार्ड केलं होतं. लग्नपत्रिकेचा पाठकोरा तुकडा, त्यावर काळ्या मार्करने मोठ्या अक्षरात 'चहा झाला का?' खरं रीडिंग रेघांवरच घ्यायची, रजिस्टरला तेच जायचं, पण आधी हे कार्ड मागे धरून पोरांना म्हणायची, वाच बरं काय लिहिलंय. पोरगं मोठ्याने वाचायचं, चहा झाला का, आणि सगळी रांग ओरडायची, झाला! सुई टोचून घ्यायला रडणारी पोरं यासाठी पुढे यायची. धडगावच्या एका आश्रमशाळेत तर तिचं नावच चहावाली मॅडम पडलं होतं. आणि एखाद्याला वाचता आलं नाही, सगळं धूसर दिसलं, तर ती त्याला तिथे काही म्हणायची नाही. कार्ड पटकन खिशात घालायची, तुझा चहा माझ्याकडे म्हणायची, आणि त्याला बाजूला घेऊन जायची. हे मी स्वतः बघितलंय.

कार्डाचा एक कोपरा रसायन सांडून पिवळा पडलाय. 600 डीपीआयवर स्कॅन केलं, डाग साफ करायचा नाही असं डिझाइनवाल्याला लिहून दिलं, ही लोकं नको तिथे साफसफाई करतात.

त्याच बॅगेत एक वही निघाली, गावाप्रमाणे नावं आणि रिपोर्ट. भाऊ म्हणाला हिचं अक्षर किती सुंदर आहे, एक पान छापू. नाही. ती माणसं जिवंत आहेत, त्यातल्या मुलींची लग्नं व्हायचीत. वही स्कॅनही केली नाही, फोटोही काढला नाही, कॅम्पच्या इनचार्जकडे सही घेऊन जमा करायची. अक्षरासाठी तिची किराणाची यादी आहे की.

9 फेब्रुवारी, रविवार

लहानपणाचं पान. काकूंनी कोंबडीची गोष्ट सांगितली, मी फोनवर रेकॉर्ड केली, खाली जवळजवळ त्यांच्याच शब्दांत.

फेब्रुवारी 2006. देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला होता. आख्ख्या तालुक्याचा पोल्ट्रीवर संसार, आणि एकदम पांढऱ्या ड्रेसमधली माणसं आली, मास्क, गमबूट, गॉगल. पोल्ट्रीतल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या, मग आसपासच्या गावांतल्या घरच्या कोंबड्यांची पाळी आली. ही तेव्हा आठ वर्षांची. घरी एक लाल कोंबडी होती, हिच्या मागे मागे फिरायची. माणसं गल्लीत शिरली तशी हिने कोंबडी डालग्याखाली घातली, डालग्यावर गोधडी टाकली आणि गोधडीवर स्वतः बसून मोठमोठ्याने संडे स्कूलची गाणी म्हणायला लागली, म्हणजे आतला आवाज ऐकू जाऊ नये. ती माणसं बराच वेळ उभी राहून ऐकत होती म्हणे. मग कोंबडी आतून ओरडलीच. नेली. काकू म्हणतात त्या रात्री ही जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं की कोंबडीचं रक्त तपासलं होतं का, न तपासता कसं काय नेलं?

हे शेवटचं वाक्य काकूंनी नंतर जोडलंय असा मला संशय आहे. पुढे पोरगी लॅबमध्ये गेली म्हणून आईला असं आठवत असणार. पण छापू. आईला आठवतं ते पण तिच्या आयुष्यातलंच.

1 मार्च, शनिवार

एक रेकॉर्डिंग सापडलं, नोव्हेंबर 2023 चं. त्या जुलैत केंद्राचं सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू झालं आणि मग कॅम्पच कॅम्प, आम्हाला रविवारसुद्धा मिळत नव्हता. हे अक्कलकुव्याकडचं आहे, कोणीतरी सहज फोन चालू ठेवलाय. मावची (त्यांची आदिवासी बोली), मराठी, मध्येच हिंदी, सगळं मिसळून. मावची भाग भावाने ऐकून मराठीत सांगितला, मी टाइप केला. फार हळू काम. ऐकता ऐकता तो मध्येच उठून बाहेर जातो, मग आपण पण चहा ठेवायचा आणि थांबायचं.

ती एका नवरानवरीला समजावतेय. दोघंही वाहक. ताटात मक्याचे दाणे आणि तुरीचे दाणे. तुझ्या मुठीत एक मका एक तूर, हिच्या मुठीत एक मका एक तूर, पोराला प्रत्येकाकडून एकच दाणा मिळतो. काढा आता डोळे मिटून. दोन मके आले तर पोर ठणठणीत, एक मका एक तूर आलं तर तुमच्यासारखंच वाहक, दोन्ही तुरी आल्या तर पोराला आजार. दर खेपेला चारात एक वेळ. मग नवरा म्हणतो, म्हणजे पहिल्या पोराला आजार झाला तर पुढची तिघं सुटली. तेव्हा ती हसते आणि म्हणते, दाणे परत मुठीत घे, प्रत्येक वेळी नवीन ताट. हीच चूक आम्ही कॉलेजात परीक्षेच्या पेपरात करायचो आणि हिने ती ताटात घालून दोन मिनिटांत सोडवली. मागे एक म्हातारा काहीतरी पुटपुटतो की पोरी काय शिकवणार, तर ही लगेच, आबा, तुम्ही पण या, मूठ भरा.

ट्रान्सक्रिप्ट पूर्ण छापायचं. त्या दोघांची नावं आणि गाव काढून.

12 मार्च, बुधवार

उद्या होळी. भोंगऱ्याच्या बाजारांमुळे सगळीकडे गर्दी, प्रेसवाला फोन उचलत नाही.

एक अवघड प्रश्न आलाय. त्याच रेकॉर्डिंगमध्ये ती शेवटी म्हणते, मी पण वाहक आहे, हे बघा माझं तपासणीचं कार्ड, काय झालंय मला? असं ती प्रत्येक कॅम्पला सांगायची, लपवण्यासारखं तिने काही ठेवलंच नव्हतं. पण तेव्हा ती समोर उभी होती, धडधाकट. आता हे छापलं तर गावात लगेच होणार, बघा, सिकलनेच गेली, मॅडम खोटं बोलत होत्या. आणि मग पुढच्या कॅम्पला कोण येणार? वाहक माणूस एरवी सगळ्यांसारखंच आयुष्य जगतो, त्रास झालाच तर फार क्वचित, अति श्रमात, पाणी कमी पडल्यावर वगैरे, आणि तिच्या बाबतीत डॉक्टरांनी सिकलचं नावही काढलं नव्हतं. पण गल्लीतल्या ओट्यावर हे कोण ऐकून घेणार?

काका, काकू, भाऊ, मी, तीन तास बसलो. भाऊ म्हणाला ती दोन वाक्यं काढा. मी पण जवळजवळ त्याच मताची झाले होते. काका कधी फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, तिने आमच्याशी भांडून ते कार्ड स्वतःच्या गळ्यात घालून फिरवलं, आता ती नाही म्हणून आपण ते परत पेटीत घालायचं का? विषय संपला. वाक्यं राहणार, खाली तीन ओळींची टीप, वाहक म्हणजे काय आणि काय नाही, आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून तपासून.

23 मार्च, रविवार

प्रेस. मी सगळा मजकूर युनिकोडमध्ये दिला होता, प्रेसवाल्याकडे जुनं श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), त्याने कन्व्हर्ट केलं आणि सगळे रफार उडाले, जोडाक्षरं फुटली. 'प्रार्थना' शब्द तर एका पानावर चार वेगवेगळ्या पद्धतीने आलाय. एप्रिलच्या लग्नपत्रिकांचा ढीग पडलाय त्याच्याकडे, त्याला आपल्या पुस्तिकेत काडीचा रस नाही. शेवटी मामेभावाने घरीच पानं लावली आणि पीडीएफ करून दिली, फॉन्ट आतच बसवून, म्हणजे आता प्रेसने फक्त छापायचं. पानं 48. मध्ये पिन मारायची तर पानांची संख्या चारने भागली जायलाच लागते, म्हणून दोन आठवणी काढाव्या लागल्या. त्या गुणी-मनमिळाऊवाल्यांपैकीच होत्या, मला फार दुःख झालं नाही.

फोटो: व्हॉट्सॲपवर साधे पाठवलेले फोटो दाबले जातात, सगळ्यांना डॉक्युमेंट म्हणून परत पाठवायला लावले. नवापूर स्टेशनच्या त्या प्रसिद्ध बाकड्यावरचा फोटो मोठा घेतला, मधल्या रेघेच्या एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात, आणि ही बरोबर रेघेवर बसून वडापाव खातेय. जन्माच्या ओळीत कोणीतरी जिल्हा नंदुरबार लिहिलं होतं. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला, ती त्याच्या आदल्या वर्षीची, दाखल्यावर जिल्हा धुळेच आहे. दुरुस्त केलं.

4 एप्रिल, शुक्रवार

नावावरून वाद. मोठ्या आत्यांना आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांना मुखपृष्ठावर वचन हवं, मला आणि भावाला 'चहा झाला का?'. आत्या म्हणाल्या ही काय टपरीची जाहिरात आहे का? बरोबर आहे त्यांचं पण. शेवटी वचन मुखपृष्ठावर, कार्ड जसंच्या तसं मलपृष्ठावर, मूळ मापात. वचन काकूंनी निवडलं, तिच्या बायबलमध्ये पेन्सिलने खूण केलेलं. खुणेच्या बाजूला बारीक अक्षरात तिने 'का?' असं लिहिलंय, ते पण तसंच स्कॅन केलं. यावर मात्र कोणी काही बोललं नाही.

20 एप्रिल, ईस्टर

कॉपी काल संध्याकाळी मिळाल्या, शाई थोडी हाताला लागतेय. पहाटे कबरस्थानात वाटल्या. मोबाइलच्या टॉर्चवर लोकं वाचत होती आणि पास्टरसाहेबांचं बोलणं चालू असताना मागे कोणीतरी पान 9 काढून फिसकन हसलं, मग पाचसहा मनगटं वर झाली. साहेबांनी आटोपतं घेतलं.

27 एप्रिल, रविवार

मला वाटलं काम संपलं. पान 14 वर फोटोखाली मावसबहिणीचं नाव राहिलंय, त्यावरून घरात अबोला आहे, त्यासाठी एक चिकटपट्टी छापून घ्यायचीय. काका रोज सकाळी पेनड्राइव्ह लावतात, त्यातल्या सहाव्या फाइलला खरखर आहे, ती साफ करून द्यायची, आवाजाला धक्का न लावता.

आणि धाकट्या आत्यांचा फोन, गुजरातेतल्या व्याऱ्याहून. त्यांनी पुस्तक वाचलं आणि म्हणाल्या कोंबडीची गोष्ट साफ चुकीची आहे. कोंबडी नेलीच नव्हती. जी नेली ती शेजारची होती. लाल कोंबडी या पोरीने आदल्या रात्रीच थैलीत घालून आत्यांकडे दिली होती आणि आत्या सकाळच्या पॅसेंजरने ती घेऊन गुजरातेत गेल्या, पुढे ती चांगली दोन वर्षं जगली, अंडीसुद्धा दिली. लॅबवाली म्हणून मला हे ऐकून घाम फुटला, बर्ड फ्लूच्या गावातून कोंबडी राज्याबाहेर! आणि गाणी मग कशाला म्हणत होती, मी विचारलं. आत्या म्हणाल्या, रिकाम्या डालग्यावर बसली होती ती, त्या माणसांना तिथेच गुंतवून ठेवायला.

काकू म्हणतात, आपण डोळ्यांनी बघितलं, कोंबडी नेली. भाऊ म्हणतो दुसरी आवृत्ती काढू. आत्या गुरुवारी डोळे दाखवायला नंदुरबारला येणारेत, तेव्हा फोन फुल चार्ज करून जायचं, आणि काकूंना त्या दिवशी बोलवायचं नाही.